गुहेच्या तोंडाशी

समुद्र आमच्या कोरेगावच्या वाट्याला आलेला नाही. आमच्या वाट्याला तीळगंगा आली, वसना आली. आणि त्या दोघींना एप्रिल-मे महिन्यात पाहिले म्हणजे पाणी या पदार्थाविषयी माणसाने फार अपेक्षा धरू नये, असे वाटू लागते. आमची कीर्ती घेवड्याची. पश्चिमेला तोंड केले तर जरंडेश्वराचा डोंगर आडवा येतो, त्याच्या पलीकडे सातारा, मग सह्याद्रीच्या रांगा, आणि मग कधीतरी कोकण. मुंबईचा माणूस संध्याकाळी चपला पायात सरकवून समुद्रावर जातो. आम्हांला आधी घाट चढावा लागतो आणि मग तो उतरावा लागतो. एवढे केल्यावर जो समुद्र दिसतो त्याच्याकडून पैसे वसूल करून घेण्याची वृत्ती आमच्यात बळावली, तर तो दोष भूगोलाचा मानावा.

गुहांचे मात्र आम्हांला अप्रूप नाही. साताऱ्याजवळ पाटेश्वराच्या डोंगरात कोरीव गुहा आहेत. तिकडे चाफळजवळ रामघळ आहे. 'घळ' हा शब्द मला वर्गात शिकवताना फार उपयोगी पडतो. लेणे वेगळे आणि घळ वेगळी. लेणे माणसाने कोरलेले, त्यात खांब असतात, मूर्ती असतात, आणि हल्ली तिकीट असते. घळ आयती असते. तिच्यात जाऊन बसायला एखादा समर्थ लागतो, एवढेच. गंमत अशी, की हाच शब्द घाट उतरून समुद्रापर्यंत गेला आहे. गुहागर तालुक्यात हेदवीच्या किनाऱ्यावर 'बामणघळ' आहे. खडकातली एक अरुंद चीर. भरतीच्या वेळी लाट तिच्यात घुसते आणि पुढे जायला वाट नाही म्हणून माडासारखी उंच उसळते.

लाट खडकावर आपटते तेव्हा ती नुसत्या पाण्याने मारत नाही, हे मला तेथे प्रथम कळले. भेगेत जी हवा असते ती लाटेने दाबली जाते; लाट मागे सरली, की ती हवा एकदम सुटते. हे दाबणे आणि सुटणे दिवसातून हजारो वेळा चालते. भेग रुंदावते, दगड सुटे होतात, आणि मग तेच दगड लाट हातोड्यासारखे वापरू लागते. शतकांमागून शतके हे चालले म्हणजे समुद्रगुहा तयार होते. पाथरवटाला निदान मजुरी तरी द्यावी लागते!

या विषयाची माझी हौस घरात सर्वांना ठाऊक होती. म्हणून यंदा मे महिन्यात, चिरंजीवांची बारावीची परीक्षा आटोपली होती आणि जूननंतर ते पुण्याला शिकायला जाणार हे जवळजवळ ठरले होते, तेव्हा आमच्या गृहलक्ष्मीने फर्मान काढले, "एकदा तिघे मिळून कोठेतरी जाऊन येऊ. तुमची ती गुहा तरी पाहू. पुढल्या वर्षी तो आपल्याबरोबर येईल की मित्रांबरोबर जाईल, कोणी सांगावे?" यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. कोल्हापूर, आजरा, आंबोलीचा घाट, सावंतवाडी, कुडाळ असे करीत आम्ही वेंगुर्ले तालुक्यातल्या निवतीला पोहोचलो.

निवतीच्या ज्या किनाऱ्यावरून होड्या सुटतात त्या वाडीचे नाव मेढा. आमच्या जावळी तालुक्यातही मेढे आहे. लाकडी मेढी रोवून केलेल्या तटबंदीला जुन्या मराठीत मेढेकोट म्हणत, त्यातलेच हे नाव असावे, असे मी मुलाला सांगू लागलो. पण तो दूर पाण्यात दिसणाऱ्या काळ्या ठिपक्यांकडे पाहत होता. ते वेंगुर्ल्याचे खडक. इंग्रजांच्या सागरी नकाशांत त्यांना 'बर्न्ट आयलंड्स', म्हणजे जळकी बेटे, म्हटले आहे. लहानमोठे वीसएक खडक, एकावर दीपगृह, आणि एकाच्या पोटात ती गुहा.

होडी आम्ही तिघांसाठीच ठरवली. दहाजणांच्या होडीत प्रत्येकाचे डोके दुसऱ्याच्या दृश्यात येते. तांडेल पन्नाशीचा, आखूड बांध्याचा, डोळे उन्हाने बारीक झालेले. चार हजार म्हणाला. मी तीन म्हणालो. "डिझेलाचो भाव तुमका ठावक आसा, सर," एवढे बोलून तो गप्प उभा राहिला. मी 'सर' आहे हे त्याला कसे कळले कोण जाणे. बहुधा घासाघीस करण्याच्या माझ्या पद्धतीवरून कळले असावे. साडेतीनवर ठरले. मग त्याने तिघांच्या अंगावर नारिंगी जाकिटे चढवली आणि बंद स्वतः ओढून पाहिले. "थंय पाण्यात उतरूचा नाय. ह्यां आधीच सांगतंय," तो म्हणाला. आम्ही माना डोलावल्या.

होडीतून गुहा पाहायला जाणे म्हटले, की पुष्कळांना घारापुरी आठवते. पण तेथे होडी नुसती नेऊन सोडते. गुहा पाहायच्या त्या पायांनी, पायऱ्या चढून. येथे होडी हीच तुमची बैठक, आणि ती एका जागी राहत नाही. तास-सव्वा तास आम्ही पश्चिमेकडे चाललो होतो. किनारा मागे वितळत गेला. सौ.ने डोळे मिटून घेतले होते. ती मळमळ होती की स्तोत्र, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. खडक जवळ आले तसे सुरय पक्षी दिसू लागले. पांढऱ्या, टोकदार पंखांचे थवे डोक्यावर कलकलाट करीत फिरत होते. आणि मग तांडेलाने इंजिन बंद केले.

त्या शांततेत प्रथम ऐकू आली ती गुहा. लाट आत जाई. क्षणभर काहीच नाही. आणि मग खडकाच्या पोटातून, मोठ्या रांजणावर कोणी तळहात मारावा, तसा घुमारा येई. तोंड म्हणजे एक काळी उभी चीर. होडी तिच्यापासून पुरेशी लांब ठेवून तांडेल वल्ह्याने तोल सावरीत राहिला. त्या चिरेतून काळसर रंगाचे बारके पक्षी तीरासारखे बाहेर पडत होते आणि तसेच आत शिरत होते.

त्या पाकोळ्या. पाकोळी म्हटल्यावर आम्हां देशावरच्या माणसांना वाड्याच्या कमानीखाली आणि पुलाखाली घरटी करणारा पक्षी आठवतो. ही त्याच कुळातली, पण अंधारात राहणारी. आत जेथे डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही, तेथे ती तोंडाने टकटक असा आवाज करते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून वाट काढते. वटवाघळेही तेच करतात. परंतु त्यांचा आवाज बहुधा आपल्याला ऐकू येत नाही, हिचा येतो. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावे तसा. तिला फांदीवर बसता येत नाही. उभ्या कड्याला नख्यांनी लटकायचे एवढेच तिला येते. म्हणून घरटेही कड्यालाच चिकटवायचे. त्यासाठी चिखल नाही, गवत पुरेसे नाही. ती स्वतःच्या लाळेचे धागे खडकावर ओढते, ते वाळतात, पुन्हा ओढते. असे दिवसामागून दिवस केल्यावर अर्ध्या वाटीएवढा एक पाळणा तयार होतो, आणि त्यात दोन अंडी मावतात.

हीच लाळ तिच्या मुळावर आली. चिनी लोकांत या घरट्यांचे सूप फार मोलाचे मानतात, आणि आग्नेय आशियात हा व्यापार शतकानुशतके चालत आला आहे. तिकडच्या एका जातीचे घरटे शुद्ध लाळेचे, पांढरेशुभ्र असते. आपल्या पाकोळीच्या घरट्यात शेवाळ आणि पिसे मिसळलेली असतात, म्हणून त्याला भाव कमी; पण चोराला कमी भावही पुरतो. हुमायून अब्दुलअली या पक्षितज्ज्ञांनी या खडकांवरच्या सुरयांविषयी आणि पाकोळ्यांविषयी १९४२ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला होता. पुढे चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने येथल्या पाकोळ्यांच्या रक्षणाचे काम हाती घेतले. आज या पक्ष्याला कायद्याचे संरक्षण आहे.

हे सर्व मी होडीत बसून सांगत होतो. मुलाच्या हातात बॅटरी होती. ती त्याने कोरेगावात खास या दिवसासाठी विकत घेतली होती.

"काका, ओहोटी आहे ना? मला पोहता येतं. पाच मिनिटं आत जाऊन येतो."

"नाय."

"पाचशे जास्त देतो." हे पाचशे माझे होते, पण त्या क्षणी ते त्याने फार मोठ्या माणसासारखे उच्चारले.

तांडेल हसला नाही की रागावलाही नाही. "आत आता पोरां आसत. बत्ती मारल्यार आवस उडता, आणि पोर खाली पाण्यात पडता." मग थोडे थांबून म्हणाला, "माका ठावक आसा. बत्ती मीच धरी."

वल्हे न थांबवता त्याने जे सांगितले ते मी माझ्या भाषेत लिहितो. त्याचे वय तेव्हा सोळा. वडील गेलेले, धाकट्या दोघी बहिणी, आणि घरावर झावळ्यांचे छप्पर. बाहेरगावचा कोणी व्यापारी आला. रात्री ओहोटीला आत शिरायचे, एकाने बांबूने घरटी खरवडायची आणि याने खालून बॅटरी धरायची. महिनाभर मासे मारून जे सुटत नव्हते, ते दोन रात्रींत मिळे. पहिले घरटे काढले, की पाकोळी दुसरे बांधी. तेही काढले, की तिसरे. तिसऱ्यात लाळ थोडी आणि कचराच जास्त. कधी घरट्यात अंडी असत.

"अंडी असली तर?" सौ.ने विचारले. इतका वेळ मिटलेले तिचे डोळे आता उघडे होते.

"अंड्याक भाव नाय, बाय." त्याने तळहात पालथा करून दाखवला. "पाण्यात."

त्यानंतर बराच वेळ आम्ही तो घुमारा ऐकत बसलो. मला वाटले, आता तो 'तेव्हापासून सोडून दिले' असे काही म्हणेल. गोष्टी सांगणारी माणसे म्हणतात. तो म्हणाला, "त्या पैशान घरार कौलां चढली. आजून तीच आसत."

मी वर्गात 'उपजीविका' हा शब्द वर्षातून दहादा तरी उच्चारतो. त्या दहाही वेळी माझ्या मनात पगाराची पहिली तारीख असते. या माणसाने पाकोळीच्या तोंडातली लाळ विकून बहिणींच्या डोक्यावर छप्पर घातले होते. आता तीच पाकोळी लांबून दाखवून तो डिझेल भरतो. यातले कोणते काम पापाचे आणि कोणते पुण्याचे, हे किनाऱ्यावर बसून सांगणे सोपे आहे, आणि घरटी खरवडणे वाईटच, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण तो स्वतःच्या बचावासाठी एक शब्द बोलला नाही. तो कायदा म्हणाला नाही, पर्यावरण म्हणाला नाही. त्याने फक्त होडी आत नेली नाही. पाचशे रुपये त्यालाही जड नव्हते.

मुलाने बॅटरी पिशवीत टाकली. मग बऱ्याच वेळाने विचारले, "काका, त्यानंतर कधी आत गेलात?"

"एकदा. ते पक्षी मोजणारे आयले होते, तेंच्या वांगडा."

"काय केलंत?"

"बत्ती धरलंय." या वेळी मात्र तो हसला. "लाल कागद लावून. ते आकडे बोलत, मी आयकी."

वारा उठू लागला तसे त्याने इंजिन सुरू केले. परतताना सौ.ने डबा उघडला. शेंगादाण्याची चटणी आणि दशम्या तांडेलाने वल्ह्यावर कोपर टेकून खाल्ल्या, आणि चटणी सातारी तिखट असल्याचे डोळ्यांतले पाणी पुसून मान्य केले. मुलगा त्याच्या शेजारी जाऊन सुकाणूवर बसला होता. दोघे काय बोलत होते ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आले नाही.

किनाऱ्याला लागल्यावर चौघांनी मिळून होडी वाळूवर ओढली. मी चार हजार पुढे केले. त्याने मोजले, पाचशे परत दिले. "साडेतीन ठरले होते." उद्या पुन्हा खडकांवर जाणार का, असे मी सहज विचारले. उद्या होडी काढणार नाही, म्हणाला. पाऊस जवळ आला, त्याआधी घरावरची कौले परतून घ्यायची होती.

"मी येऊ? खालून कौलं द्यायला?" मुलगा म्हणाला.

तांडेलाने त्याच्या पांढऱ्या बुटांकडे एकदा पाहिले. "सकाळी सातांक ये. चपला घालून ये."

आमची कुडाळची एस.टी. साडेनऊची होती.