घटमांडणीची वही

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकोट तालुक्यातल्या आमच्या गावात एकच विषय असतो: भेंडवळनं यंदा काय सांगितलं? भेंडवळ शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात. तृतीयेच्या संध्याकाळी तिथं गावाबाहेरच्या शेतात वाघ घराण्यातली माणसं घट मांडतात. गोल आखून त्यात अठरा प्रकारची धान्यं ठेवतात. मधोमध खड्डा, खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळं, ढेकळांवर पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर पुरी, पापड, कुरडई, करंजी, भजं, वडा. पानसुपारीही असते. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. उजाडताना मांडणीत काय बदललं ते पाहून भाकीत सांगतात. ढेकूळ किती भिजलं यावरून त्या महिन्याचा पाऊस, धान्य जागचं किती हललं यावरून पीक, पानसुपारीवरून राजाची गादी. ही परंपरा साडेतीनशे वर्षांची मानतात. ऐकायला दूरदूरचे शेतकरी येतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत सगळं छापून येतं.

माझे बाबा दरवर्षी तेल्हाऱ्याच्या रस्त्यानं तिकडे जात. कोरडवाहू शेती, तीही खारपाणपट्ट्याच्या काठावर. विहिरीचं पाणी खारं, म्हणून सगळा जीव आभाळाकडे. पाऊस कधी येणार हे ज्याला कळत नाही आणि ज्याचं वर्षाचं पोट त्यावर आहे, तो माणूस घागरीखालच्या ढेकळाकडे आशेनं पाहतो. यात मला हसण्यासारखं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. बाबांच्या श्रद्धेचा मी कधी अपमान केला नाही. मी फक्त वही घातली.

अमरावतीला बी.एस्सी. करून मी गावाजवळच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हाची ही गोष्ट. वहीच्या डाव्या पानावर वर्तमानपत्रात आलेलं भाकीत त्याच दिवशी, तारखेसह उतरवायचं. उजव्या पानावर आपल्या शिवारातला पाऊस. त्यासाठी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक केला: सरळ उभ्या कडांचा पत्र्याचा डबा, झाडापासून आणि भिंतीपासून लांब ठेवलेला, आणि मोजायला पट्टी. रोज सकाळी साडेआठला पोरं साचलेलं पाणी मोजत आणि डबा रिकामा करत.

पहिल्याच पावसाळ्यात अडचण आली आणि ती उजव्या पानाची नव्हती. डाव्या पानावरचे शब्द तपासताच येत नव्हते. एका महिन्यात पाऊस ‘साधारण’, दुसऱ्यात ‘लहरी’, तिसऱ्यात ‘कमी-अधिक’. लहरी म्हणजे किती? पंधरा दिवस उघाड पडली तर लहरी आणि एका रात्रीत नाला फुटला तरी लहरीच. त्यात आमच्याकडचा पाऊस असा की अकोटात धो धो आणि दर्यापुरात धूळ. मग ‘काही भागात जास्त, काही भागात कमी’ हे कुठल्या वर्षी खरं ठरणार नाही?

दिवाळीनंतर कपाशी वेचायच्या दिवसांत मी बाबांना वही दाखवली.

“बाबा, यंदाची मांडणी बरोबर आली का?”

“आली ना वो. भादव्यात कमी सांगतला होता, कमीच झाला.”

“अन् मृगाचं?”

“ते थोडंसं मांगंपुढं होते.”

“मंग मांडणी चुकली असं कवा म्हणायचं? काय झालं तं तुमी म्हणसान, यंदा चुकली?”

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे तं आजपर्यंत कोणं इचारलंच नाही.”

मला त्या उत्तराचा फार आदर वाटतो. भाकीत चुकलं असं केव्हा म्हणायचं हे आधी ठरवलेलं नसेल, तर ते बरोबर आलं या म्हणण्यालाही वजन राहत नाही. बरोबर आलेलं पारावर सांगितलं जातं, चुकलेलं कोणी मोजत नाही. बाबा अप्रामाणिक नव्हते. माणसाची आठवणच तशी चालते, म्हणून कागद लागतो.

पुढच्या उन्हाळ्यात मी सातवीच्या पोरांना एक काम दिलं. शाळेच्या आवारात तीन ठिकाणी एकाच संध्याकाळी सारखीच मांडणी करायची: चार ढेकळं, वर घागर, भोवती धान्य. सकाळी तिन्ही ठिकाणची उत्तरं वेगळी निघाली. एका ठिकाणी आषाढाचं ढेकूळ गच्च भिजलेलं, दुसरीकडे तेच कोरडं. एका मांडणीतली ज्वारी मुंग्यांनी ओढून नेली होती, दुसरीतल्या तुरीला कशाचा धक्काही नव्हता. पोरांनी कारणं शोधली. घागर कुठल्या बाजूनं जास्त पाझरते, ढेकूळ काळ्या मातीचं की मुरमाड, वारा कुठून होता, उंदराचं बीळ किती लांब. एका मुलीनं विचारलं, “बाई, पाऊस तं एकच पडन, मंग यातली खरी मांडणी कोणती?” मी शिकवलेल्या कुठल्याही धड्यापेक्षा हा प्रश्न मोठा होता.

गावात थोडी कुजबुज झाली. बाई पोरांना देव मानू नका म्हणून शिकवते, असं एक पालक म्हणाले. मी त्यांच्या घरी गेले, चहा घेतला आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. देवाबद्दल तीत एक ओळही नव्हती.

वहीचा उपयोग बाबांना झाला तो पेरणीत. मृगाची पहिली सर आली की लोक घाईनं सरते धरत, मग उघाड पडे आणि दुबार पेरणीसाठी बियाण्याच्या बॅगा पुन्हा उधारीवर येत. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणून सांगतं. हा आकडा डब्यात मोजता येतो आणि तो चुकीचा असेल तर तेही कळतं. बाबा भेंडवळला जात राहिले, पण पेरणीच्या आधी शाळेच्या डब्यातलं पाणी विचारायला लागले. मला एवढं पुरेसं होतं.

पावसाच्या बाबतीत नुकसान पैशाचं. सापाच्या बाबतीत ते जिवाचं होतं. एका श्रावणात निंदणाला गेलेल्या माझ्या विद्यार्थ्याच्या आईला पान लागलं. घरच्यांनी तिला आधी मांत्रिकाकडे नेलं. त्याच्या हातून शेकडो माणसं उठली अशी त्याची ख्याती होती. ती ख्याती खोटी नव्हती, हेच लोकांना समजावणं अवघड जातं. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण, दिवड, तस्कर चावला तर माणूस मंत्रानंही बरा होतो आणि मंत्राशिवायही. विषारी सापसुद्धा प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे आलेले पुष्कळजण वाचतात आणि नारळ घेऊन परत येतात. न वाचलेल्याचं ‘आयुष्यच तेवढं होतं’. ही तीच एका पानाची वही. हिच्यात फक्त यश लिहिलं जातं.

त्या बाईला घोणस चावली होती. घोणसाचं विष रक्त गोठू देत नाही आणि मूत्रपिंडावर घाव घालतं, म्हणून एकेक तास मोलाचा. तिचे ते तास मंत्रात गेले. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात पोचली तेव्हा लघवी बंद झाली होती. प्रतिसर्पविष दिलं, डायलिसिस झालं, ती वाचली, पण तो सगळा हंगाम तिला शेतात पाय टाकता आला नाही. मजुरीवर जगणाऱ्या घरात याचा अर्थ काय होतो, हे मी त्या मुलाच्या डब्यात रोज पाहत होते.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, त्याचा वटहुकूम त्यानंतरच्या काही दिवसांत निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा मंजूर केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यानं गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हे कलम आमच्या शिवारातल्या बाया-माणसांसाठीच आहे असं मला वाटतं, आणि त्यांच्यापर्यंत ते अजून नीट पोचलेलं नाही.

प्रश्न विचारणं हे शिकलेल्यांचं बाहेरून आणलेलं खूळ आहे, असं वऱ्हाडात कोणी म्हटलं की मला राग येतो. अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव आमच्यापासून लांब नाही. तिथं १८७६ साली डेबूजी जानोरकर जन्मले, पुढे मामाच्या घरी मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला वाढले. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण-दारूऐवजी गोड जेवण वाढून त्यांनी रीत मोडली, तेव्हा त्यांना गाडगेबाबा म्हणून कोणी ओळखतही नव्हतं. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषात जत्रा भरते. तिथल्या स्नानानं ऋण फिटतं अशी श्रद्धा. गाडगेबाबा तिथं झाडू घेऊन राबले, घाटासाठी झटले आणि कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरं कापू नका, पोरांना शाळेत घाला, असं आयुष्यभर सांगत राहिले. माझ्या वडिलांनी लहानपणी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. ते सांगत, महाराज समोरच्याला एकामागून एक प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेत. शाळेची पायरी न चढलेल्या माणसानं हजारोंच्या मेळ्यात हे केलं. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा देह पडला. अमरावतीला समाधी आहे. तिथं हात जोडणाऱ्या प्रत्येकानं घरी गेल्यावर एक तरी प्रश्न विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

येत्या अक्षय्य तृतीयेला भेंडवळला जायचं असेल तर जरूर जा. परत आल्यावर जे ऐकलं ते तारीख घालून लिहा आणि काय झालं तर ते चुकलं म्हणायचं, हेही त्याच दिवशी खाली लिहून ठेवा. मुलांना डबा आणि पट्टी द्या. आणि शेतात कोणाला पान लागलं तर हातपाय न हलवता निजवा, करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखान्यात न्या. प्रतिसर्पविष तिथं फुकट मिळतं.