विसाची खाच

पेटी कितीही भक्कम असली, तरी आतली वस्तू सुखरूप राहते ती फोममुळे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात दिवसभर हेच काम चालतं. टणक प्लास्टिकच्या पेट्या येतात आणि त्यांत कॅमेरे, सर्व्हेची उपकरणं, माइक नेमके बसतील असा फोम मी कापून देतो. त्यातलं सगळ्यात अवघड, आणि म्हणूनच सगळ्यात आवडतं काम कोणतं असं कुणी विचारलं, तर पोकरच्या चिप्सची पेटी, असं मी सांगेन.

कॅमेऱ्याला भीती बाहेरच्या धक्क्याची. त्याच्याभोवती चारी बाजूंनी मऊ फोम आला की निम्मं काम झालं. चिप्सचं तसं नाही. एका पेटीत सहाशे एकसारख्या वस्तू असतात आणि प्रत्येकीला सगळ्यात जास्त त्रास शेजारणीचाच होतो. दोघींमध्ये जरा जागा सुटली की प्रवासभर त्या एकमेकींवर घासत, आपटत राहतात. चांगल्या ‘क्ले’ चिप्स साच्यात प्रचंड दाबाखाली घडवलेल्या असतात. कडेचे रंगीत तुकडे वरून रंगवलेले नसतात, चिपच्या अंगातच बसवलेले असतात. नव्या चिपची कड बोटाला चांगली धारदार लागते. तिचा टवका उडाला की तो भरून येत नाही. त्या धारेवर जीव असलेली माणसंच माझ्याकडे पेटी घेऊन येतात.

बाजारात तयार मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पेटीत मखमल चढवलेला पातळ प्लास्टिकचा ट्रे असतो. पाचशे चिप्स, प्रत्येकी ११.५ ग्रॅम, म्हणजे पावणेसहा किलो वजन. एवढ्या ओझ्याखाली तो ट्रे वाकतो, मुठीचे रिबिट ढिले पडतात आणि झाकणाखाली राहिलेल्या फटीत चिप्स उड्या मारतात. टणक पेटीत मुठीचा प्रश्न सुटतो, पण आतलं सगळं आपल्यालाच रचावं लागतं.

चिपचा व्यास साधारण ३९ मिलिमीटर आणि जाडी ३.३ च्या आसपास. कागदावर हिशोब सरळ दिसतो: शंभर चिप्स, ३३० मिलिमीटरची एक लांब खाच. पण दर चिपमागे जाडीत मिलिमीटरचा विसावा भाग जरी फरक निघाला, तरी शंभरात तो ५ मिलिमीटर होतो. तेवढ्या मोकळ्या जागेत अख्खी चळत खुळखुळते. म्हणून मी एका चिपची जाडी मोजून गुणाकार करत नाही. गिऱ्हाइकाच्याच वीस चिप्स घेतो, चळत हाताने दाबून व्हर्निअर कॅलिपरमध्ये धरतो, वेगवेगळ्या रंगांच्या चळतींची मापं घेतो आणि सगळ्यात पातळ चळत प्रमाण मानतो. ६६ मिलिमीटर भरली तर खाच ६५ ची. जाड चळतीसाठी फोम थोडा सरकून जागा देतो. पातळ चळतीसाठी तो पुढे येत नाही.

वीस हा आकडा माझा नाही, तो खेळातूनच आला आहे. कॅसिनोतला डीलर विसाच्या चळती लावून मोजतो आणि शंभराच्या रॅकमध्ये विसाच्या पाच चळती असतात. मला तो आकडा फोमसाठीही सोयीचा पडतो. विसाच्या खाचेत एक चिप कमी असली तर तीन मिलिमीटरची फट उघडी पडते आणि डोळ्याला लगेच टोचते. शंभराच्या खाचेत तीच फट ओळीतल्या सैलपणात मुरून जाते. दर वीस चिप्सनंतर १० मिलिमीटरची फोमची भिंत ठेवली की पकड मिळते आणि मोजणीही आपोआप होते.

खोली २५ मिलिमीटर ठेवतो. चिपचा मध्य साडेएकोणीसवर येतो, त्याच्या थोडं वरपर्यंत फोमने धरलं की चिप सुटत नाही, आणि चौदा मिलिमीटर वर राहतात म्हणून बोटांना धरायला जागा मिळते. चळतीच्या दोन्ही अंगांना अंगठा आणि तर्जनी उतरेल एवढी अर्धगोल चीर देतो. या चिरेविना केलेली खाच दिसायला देखणी असते, पण चिप्स काढताना माणूस नखांनी फोम उकरतो आणि थोड्या दिवसांत कड फाटते.

दिशेचा विचार तेवढाच महत्त्वाचा. टेबलावर आडवी असलेली पेटी उचलली की उभी होते. खाचा मुठीकडून बिजागरीकडे नेल्या, तर उचलताक्षणी प्रत्येक चळत खाली दबते आणि वरच्या टोकाला फट पडते. खाचा मुठीला समांतर ठेवल्या, तर वजन खाचेच्या लांब भिंतीवर येतं आणि चिप्सची एकमेकींवरची पकड ढळत नाही.

पेटीबरोबर येणारा चौकोनी ठोकळ्यांचा फोम, हातानेच तोडून आकार देता येतो तो, या वजनाला पुरत नाही. ठोकळे एकेक करून सुटत जातात. शिवाय तो बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तो काही वर्षांत चिकट होतो, मग त्याची भुकटी चिप्सना लागते. मी क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीन वापरतो, घनता घनमीटरला ३३ ते ४५ किलो. त्याच्या पेशी बंद असतात, म्हणून तो पाणी पीत नाही. मात्र त्याला गोंद सहजी धरत नाही. त्यामुळे वरचा थर आरपार कापायचा, खाली अखंड थर ठेवायचा आणि हॉट एअर गनने दोन्ही पृष्ठभाग तापवून एकमेकांवर दाबायचे. कटरचं पातं नवं हवं. ते फोममध्ये उभं धरून एकाच लांब ओढीत न्यायचं. मध्ये थांबलं की तिथे पायरी पडते आणि ती पायरी चिपच्या कडेला जाणवते.

वरचा थर काळा, खालचा पिवळा. ही पद्धत विमानांच्या देखभालीतून आलेली आहे. तिथे हत्यारांच्या खणांत दोन रंगांचा फोम असतो, म्हणजे इंजिनात एखादा पाना विसरला तर रिकाम्या जागेचा रंगच ओरडून सांगतो. पोकरच्या बैठकीत कुणाच्या जिवावर बेतत नाही, हे खरं. पण रात्री उशिरा आवराआवर करताना पिवळा पट्टा दिसला की कोचाखाली बघायचं, हे सगळ्यांना कळतं.

विमानप्रवासात एक परका हातही पेटीला लागतो. एक्स-रेमध्ये दाट, गोल वस्तूंच्या रांगा दिसल्या की पेटी उघडली जाणार, हे मी धरूनच चालतो. उघडणाऱ्याला घाई असते आणि पेटी कशी भरली होती हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ज्या फोमला मालकाचाच सराव लागतो, तो फोम अर्धवट आहे असं मी मानतो. चळत चुकीच्या जागी बसूच नये, पत्त्यांचे जोड उलटे ठेवले तर झाकण लागू नये आणि बरोबर ठेवले तर ते एका बोटाने लागावं.

म्हणून पेटी नेताना मी प्रत्येकाला एकच सांगतो: घरी गेल्यावर सगळं बाहेर काढा आणि चिप्स कधी हातात न धरलेल्या माणसाला भरायला द्या. त्याला काही विचारावं लागलं, तर पेटी माझ्याकडे परत आणा, मी दुसरा फोम कापून देईन.