सरासरीत न मावणारे जत आणि पाटण

वेबसाइटचा वेग सुधारणे हे माझे काम आहे. संगणक अभियांत्रिकीतली ही एक अरुंद वाट आहे. सांगलीच्या वालचंद, कराडच्या शासकीय किंवा साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या मुलांना ती सहसा कुणी दाखवत नाही, आणि दाखवलीच तर ती पुण्याच्या हिंजवडीतून सुरू होते असे सांगितले जाते. मला उलट वाटते. वेगाचा अभियंता घडायला सांगली आणि सातारा हे दोन जिल्हे पुण्यापेक्षा सरस आहेत, कारण ज्या माणसासाठी हे काम करायचे तो पुण्याच्या कार्यालयातून दिसत नाही. मोजमापातही तो दिसत नाही, आणि ही अडचण जास्त गंभीर आहे.

पान उघडले नाही की आपण ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणून मोकळे होतो. कधी ते खरेही असते. पण स्टीव्ह साउडर्स यांनी याहूमध्ये असताना केलेल्या मोजमापांवरून २००७ च्या ‘हाय परफॉर्मन्स वेब साइट्स’ या पुस्तकात दाखवले, की वाट पाहण्यातला ८० ते ९० टक्के वेळ सर्व्हरने पान पाठवल्यानंतर जातो. चित्रे, फॉन्ट, जावास्क्रिप्ट हे सगळे आणायचे आणि मग फोनने ते चालवायचे. २०० किलोबाइटचा फोटो आणि २०० किलोबाइटची जावास्क्रिप्ट यांचे नेटवरचे वजन सारखेच. मात्र फोटो उलगडून दाखवला की काम संपते, तर कोड प्रोसेसरला वाचावा लागतो, चालवावा लागतो, आणि तोवर बटण कितीही दाबले तरी पान हलत नाही. महागड्या फोनवर हा फरक जाणवत नाही. मेमरी भरत आलेल्या स्वस्त अँड्रॉइडवर तोच कोड कितीतरी पट वेळ खातो.

गुगलने २०२० मध्ये यासाठी मापे ठरवून दिली. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, मजकूर वाचताना जागचा हलू नये, आणि बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा. यातले शेवटचे माप मार्च २०२४ मध्ये आले. मापे चांगली आहेत, मीही तीच वापरतो. पण शंभरातल्या पंचाहत्तर भेटी या मर्यादेत बसल्या की साइट उत्तीर्ण ठरते. उरलेल्या पंचवीस कुणाच्या? क्रोमच्या सार्वजनिक नोंदी देशनिहाय मिळतात, म्हणजे सांगलीतल्या जतच्या पूर्वेकडची गावे, साताऱ्यातल्या पाटणचे कोयना खोरे आणि मुंबईतले बांद्रा हे सगळे ‘भारत’ या एकाच आकड्यात विरघळतात.

त्याहून मोठी अडचण न झालेल्या भेटींची. पान उघडण्याआधीच ज्याने नाद सोडला, त्याची नोंद बहुधा होत नाही, कारण मोजणारा कोड त्याच पानातून यायचा असतो. ख्रिस झकारियस यांनी यूट्यूबमधला एक अनुभव २०१२ मध्ये लिहून ठेवला आहे. व्हिडिओचे पान १.२ मेगाबाइटवरून शंभर किलोबाइटच्या आत आणल्यावर सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढला. ज्या भागांत पान उघडायला वीस मिनिटे लागत, तिथे ते दोन मिनिटांत उघडू लागले होते, आणि तिथली माणसे प्रथमच मोजमापात आली होती. काम उत्तम झाले होते, पण आकडे बिघडलेले दिसत होते. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत आधी हे उदाहरण पचवावे असे मला वाटते.

मराठी पानांचा प्रश्न यात आणखी भर घालतो. ‘सातारा’ रोमन लिपीत ६ बाइटांत मावते, देवनागरीत त्याला १८ बाइट लागतात. मजकूर दाबून पाठवला की ही तफावत बरीच मिटते, म्हणून मी तिचा बाऊ करत नाही. फॉन्टचे तसे नाही. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट जड होतो, आणि तो बेफिकिरीने छाटला तर जोडाक्षरे तुटतात. अँड्रॉइडमध्ये देवनागरी फॉन्ट मुळातच असतो. तोच वापरला तर एक बाइटही आणावा लागत नाही. साध्या शासकीय अर्जाच्या पानाला वेगळा फॉन्ट कशाला हवा, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

फाइव्ह-जी सगळीकडे पोहोचले की हे सारे आपोआप सुटेल, असा आक्षेप नेहमी येतो. रस्ता रुंद झाला म्हणून सातारा मुंबईच्या जवळ सरकत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला किमान १२० मिलिसेकंद लागणारच, आणि पहिला बाइट मिळण्याआधी अशा सहसा दोन-तीन फेऱ्या होतात. ॲमेझॉनचे मुंबईतले केंद्र २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून सर्व्हर जवळ ठेवता येतो, हे खरे. पण पानात चिकटवलेल्या जाहिराती आणि मोजणीची साधने कुठून येतात ते कोण बघतो? शिवाय जितकी जागा मिळते तितकी पाने फुगतात.

हे प्रत्येक प्रोग्रामरचेच काम, त्याला वेगळा माणूस कशाला, असेही विचारतात. नवे बटण जोडणाऱ्याला शाबासकी मिळते, पण जुना कोड काढून टाकायला कुणी सांगत नाही. म्हणून हे काम एका माणसाच्या नावावर असावे लागते. त्याचा पगार निघतो का? पानाचा प्रतिसाद सुधारल्यावर विक्री ७ टक्क्यांनी वाढल्याचे बसची तिकिटे विकणाऱ्या रेडबसने जाहीर केले आहे.

हे शिकायला पुण्यालाच जावे लागते, हा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. मोठ्या वर्दळीच्या साइटवर अनुभवी माणसांशेजारी बसून शिकण्याला तोड नाही, आणि तशा जागा इथे फारशा नाहीत. पण निम्मे काम तिथून होत नाही. सर्व्हरकडे आलेल्या मागण्यांतून पूर्ण झालेल्या भेटी वजा केल्या तर किती माणसे गळाली याचा अंदाज येतो, ती कुठली हे कळत नाही. मोबाइल नेटवरच्या आयपी पत्त्यावरून ठिकाण काढावे, तर जतचा फोन पुष्कळदा पुण्याचा किंवा मुंबईचा म्हणून नोंदला जातो. तेव्हा तिथलाच स्वस्त फोन, तिथलेच सिमकार्ड घ्यायचे, क्रोमची फुकट साधने त्याला जोडायची आणि डोंगराआड रेंज जाते-येते तिथे बसून मोजायचे. पाटण किंवा जतच्या मुलाला त्यासाठी गाव सोडावे लागत नाही.