बाबा, लॉग आणि ओंडका

गेल्या शनिवारी रात्री दीडच्या सुमारास बाबा पाणी प्यायला उठले. मी हॉलमध्ये लॅपटॉप मांडून बसलेलो.

"काय चाललंय एवढ्या रात्री?"

"काही नाही, लॉग बघतोय."

"अजून? बारावीला ते लॉगटेबल पार फाटेपर्यंत वापरलंस, तरी संपले नाहीत तुझे लॉग?"

बाबा झोपायला गेले, पण माझ्या डोक्यात किडा सोडून. खरंच, हे दोन्ही लॉग एकच का?

तर अजिबात नाही!

बाबांचा लॉग म्हणजे लॉगॅरिदम. स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरने १६१४ साली तो जगापुढे आणला. ग्रीकमधले 'लोगोस' म्हणजे गुणोत्तर आणि 'अरिथ्मोस' म्हणजे संख्या हे दोन शब्द जोडून त्याने हे नाव घडवलं. गुणाकाराची बेरीज करून टाकायची, एवढी साधी युक्ती. मग हेन्री ब्रिग्जने त्याला दहाचा पाया दिला आणि आपली बारावीची सोय (की गैरसोय?) झाली.

माझा सर्व्हरवरचा लॉग मात्र चक्क ओंडका. लाकडाचा!

पूर्वी जहाजाचा वेग मोजायला खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा मागे समुद्रात टाकत. तो जवळपास जागच्या जागी राहायचा, जहाज पुढे जायचं आणि दोरी सुटत जायची. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर एक गाठ. २८ सेकंदांचं वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत हातातून जितक्या गाठी सुटतील, तितके सागरी मैल ताशी वेग. म्हणून जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्येच मोजतात. तो आकडा ज्या वहीत लिहायचा ते लॉगबुक. मग ही वही विमानात गेली, आपल्याकडच्या सरकारी जीपमध्ये आली आणि शेवटी कंप्युटरात शिरली. १९९७ साली जॉर्न बार्गरने 'वेबलॉग' शब्द काढला, १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झने तो गमतीत 'वी ब्लॉग' असा तोडला, आणि उरला ब्लॉग.

गंमत म्हणजे हे दोन सख्खे नसलेले लॉग एकाच जहाजावर भेटले. नेपिअरच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं एडवर्ड राइटने, जो नौकानयनाचा गणिती होता. १६१६ साली ते छापून आलं आणि अर्पण केलं होतं ईस्ट इंडिया कंपनीला. ओंडक्याने वेग मोजा, टेबलाने गणित करा.

किनारा दिसत नसताना आपण कुठे आहोत, हे त्या वहीवरूनच ठरायचं. आकडा चुकीचा लिहिला, किंवा लिहिलाच नाही, तर जहाज खडकावर.

आता त्या रात्रीचं. तीन दिवस आमची सिस्टीम अधूनमधून पैशांच्या नोंदी गाळत होती, आणि टीममधल्या एका नवीन मुलीच्या कोडवर सगळ्यांचा संशय होता. माझाही. लॉगमध्ये मात्र एकही एरर नाही. पहाटे तीनला सापडलं. एक रिकामा कॅच ब्लॉक एरर पकडून गुपचूप गिळून टाकत होता. हे कुणाचे प्रताप म्हणून हिस्टरी बघितली, तर नाव माझंच! दोन वर्षांपूर्वी 'लॉग फार वाढतायत' म्हणून ती ओळ मीच उडवली होती.

खोटं कशाला बोलू, दहा मिनिटं मनात हेच होतं की गुपचूप फिक्स करावं, कोण बघतंय? मग टीमला मेल टाकली. काय झालं, कधीपासून, कुणामुळे, सगळं लिहिलं. तिचा संबंध नाही हेही लिहिलं.

पाचच मिनिटांत तिचं एका शब्दाचं उत्तर आलं, 'थँक्स.' पहाटे सव्वातीनला. म्हणजे तीही जागीच होती.

सकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं, "सुटला का लॉग?"

"सुटला. चूक माझीच होती."

"बारावीलाही तुझीच असायची," बाबा म्हणाले आणि पेपर उघडला.