उभी गाडी

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत आमचे बालपण गेले. वडील तिथे पाळीवर होते. रात्रपाळी करून ते सकाळी घरी आले की दुपारपर्यंत आम्ही भावंडे कुजबुजत बोलत असू. शेजाऱ्यांकडे आलेले एक पाहुणे एकदा म्हणाले, "तुमचे वडील दिवसभर झोपलेलेच असतात की!" ते वाक्य आम्हांला फार लागले होते.

त्याची आठवण वंदे भारतमुळे झाली. 10 फेब्रुवारी 2023 रोजी मुंबई-शिर्डी गाडी सुरू झाली. सुरुवातीच्या वेळापत्रकात ती मुंबईहून सकाळी 6.20 ला सुटे, नाशिक रोडवरून पुढे आमच्या बाजूने जाई, 11.40 ला शिर्डीला पोचे आणि सायंकाळी 5.25 ला परत फिरे. ताशी 160 किलोमीटरपर्यंत धावू शकणारी गाडी ऐन दिवसा पावणेसहा तास उभी! त्या पाहुण्यांसारखाच आम्हीही मनोमन निकाल देऊन टाकला.

हिशेब खोटा नव्हता. महागडे यंत्र जितके अधिक चालेल तितका त्याच्या किमतीचा भार हलका होतो. 210 मेगावॅटच्या संचांच्या सावलीत वाढलेल्यांना हे निराळे सांगावे लागत नाही. टोकियोला शिंकान्सेनची सफाई 7 मिनिटांत उरकते आणि गाडी सुमारे 12 मिनिटांत परत निघते. त्याच धर्तीवर 1 ऑक्टोबर 2023 पासून वंदे भारत 14 मिनिटांत स्वच्छ करण्याचा उपक्रम आपल्याकडे सुरू झाला. पण वाचलेल्या वेळात गाडी धावणार कोणत्या रुळांवर? शिंकान्सेनचा मार्ग तिचा एकटीचा आहे. इथे त्याच रुळांवरून मालगाड्या जातात, लांब पल्ल्याच्या गाड्या जातात. वाटेत 37 फुटांना 1 फूट चढणारा कसारा घाट आहे.

शिवाय एकच रेक दोन मार्गांना जुंपला की एकीकडचा उशीर दुसरीकडे पोचतो. 1975 पासून धावणाऱ्या पंचवटीने नोकरीला जाणाऱ्या नाशिककराला हे कळते. सायंकाळची गाडी फलाटावर वेळेत लागली नाही, तर त्याचे रात्रीचे जेवण मुलांबरोबर होत नाही. अशा वेळी मधले रिकामे तास हा उशीर पचवून टाकतात. शिर्डीच्या त्या पावणेसहा तासांतच मुंबईकराचे दर्शन होते आणि तो रात्री घरी परततो.

म्हणून गाड्या अधिक धावू नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. सकाळी मुंबई गाठू पाहणाऱ्या नाशिककराला ही गाडी उलट दिशेने जाताना दिसते, आणि त्याची तक्रार रास्त आहे. मात्र कोणताही उभा तास कापण्याआधी तो कोणासाठी राखलेला आहे, हे विचारावे. अध्यापकांच्या मोकळ्या तासाकडे बोट दाखवणारे आपल्याला परिचित आहेतच.

वडिलांची झोप कोणत्याही तक्त्यात काम म्हणून मांडली गेली नाही. रात्रपाळीला मात्र ते टक्क जागे असत.