पदवीदानाची पूर्वतयारी

पदवीदान समारंभाची खरी परीक्षा पाहुण्यांच्या भाषणात नसून पदवीधराचे नाव पुकारण्यात आहे, असे आम्ही म्हटले तर पुष्कळांस ते विक्षिप्त वाटेल. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले व त्याचे पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडले. रानडे आणि भांडारकर हे त्यांपैकीच. ती मूठभर नावे वाचण्यास तयारी ती कितीशी लागणार! आज एकेका महाविद्यालयातच शेकडो पदवीधर रांगेत उभे राहतात.

वसईच्या किल्ल्यालगतच्या पाचूबंदर कोळीवाड्यातून आमच्या वर्गात मुले येतात. त्यांतील कित्येकांच्या घरात पदवी प्रथमच शिरत असते. पहाटेपासून मासळीच्या पाट्यांशी झगडणारी आई त्या दिवशी धंदा बुडवून सभागृहात येऊन बसते. इंग्रजी भाषणातले तिला फारसे कळत नाही. कळते ते लेकीचे नाव. तेच वेडेवाकडे उच्चारले गेले तर तिच्यापुरता समारंभ झालाच नाही! वसईच्या ख्रिस्ती घरांतील घोन्साल्विस, लोपीस, आल्मेडा ही आडनावे रोमन अक्षरांवरून वाचणाऱ्या परक्या माणसाची तर हमखास फसगत होते.

आदल्या दिवशीची तालीम मात्र बहुधा पाहुण्यांची खुर्ची, समईच्या वाती आणि मिरवणुकीचा क्रम यांतच संपते. आमच्या मते वाचकाने यादी घेऊन प्रत्येक पदवीधरास त्याचे नाव विचारावे व ते देवनागरीत टिपून घ्यावे. ऐन वेळी एखादा गैरहजर राहिला की पुढच्याच्या हाती भलत्याचेच प्रमाणपत्र पडते. यास्तव प्रत्येकाजवळ नावाची चिठ्ठी असावी आणि पायरीशी उभ्या असलेल्या कारकुनाने ती पाहूनच त्यास वर सोडावे. दारावरच्या शिपायासही बोलावून सांगावे, की उशिरा आलेल्या म्हाताऱ्या माणसास परत न धाडता मागे जागा करून द्यावी.

पाचूबंदरच्या तांडेलास हे शिकवावे लागत नाही. होडी सुटण्यापूर्वी कोणी कोठे उभे राहावयाचे, हे त्याच्या खलाशांस ठाऊक असते. जाळे पाण्यात पडल्यावर विचारपूस करण्यास सवड कोठली? आमच्या विद्वान मंडळींस तालीम कमीपणाची वाटते. परंतु पाहुण्यांचे भाषण लांबले तर लोक दुसऱ्या दिवशी विसरतात. मुलीचे नाव चुकले, तर ती आई ते जन्मभर विसरत नाही.