ब्रेकमधली हवा

आमच्या घरात 'काही नाही' हे दोन शब्द सर्वांत जास्त वेळा मी उच्चारतो. भिंतीला ओल आली? काही नाही, पावसाळ्यात यायचीच. बँकेचं जाडजूड पत्र आलं? काही नाही, नेहमीचंच असेल. या दोन शब्दांच्या भांडवलावर मी पस्तीस वर्षं संसार केला. पण गेल्या पावसाळ्यात हेच दोन शब्द नसरापूरजवळ एका एस.टी.च्या पाठीला भिडता भिडता राहिले.

झालं असं. आम्ही राहतो भोरला आणि माझी सासुरवाडी वेल्ह्याची. (तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, पण सासुरवाडीचं नाव राजपत्रानं बदलत नाही.) तिथं तोरण्याच्या पायथ्याशी पाऊस असा कोसळतो, की छत्री नुसती लोकलाजेस्तव धरायची. त्या पावसात वीस वर्षं ये-जा केलेली आमची मोटार. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण जे घडलं त्यात कंपनीचा काही दोष नाही. वीस वर्षं वेल्ह्याचा पाऊस अंगावर घेतल्यावर माझे गुडघेसुद्धा कुरकुरायला लागले आहेत.

एका रविवारी सासूबाईंना भेटून परत निघालो होतो. नसरापूरजवळ पुढची एस.टी. उतारू घ्यायला थांबली. मी ब्रेक दाबला. पाय चिखलात रुतावा तसा पेडल खाली गेला आणि गाडी मात्र आपल्याच नादात पुढं. मी हॅण्डब्रेक खेचला. गाडी थांबली तेव्हा एस.टी.च्या मागच्या पत्र्यावरचा एकेक रिव्हेट मोजता येत होता.

"काय झालं?" ही म्हणाली.

"काही नाही. ब्रेक जरा ढिला झालाय."

खरं म्हणजे गाडी तिथंच कडेला लावून त्याच एस.टी.त बसायला हवं होतं. पण मग 'काही नाही' खोटं पडलं असतं. त्यामुळं तिथून भोरपर्यंत दुसऱ्या गियरमध्ये, वरातीच्या वेगानं आलो. ही चकार शब्द बोलली नाही. त्या शांततेचा अर्थ मला पस्तीस वर्षांनंतर तरी कळायला हवा होता.

अंगणात पोतं पसरून गाडीखाली शिरलो. मागच्या डाव्या चाकाची आतली बाजू ओली होती. वर पाहिलं तर शिसपेन्सिलीहून बारीक अशी एक पोलादी नळी गंजून खपलीखपली झालेली, आणि एका जागी घासून घासून तिला सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं. एवढ्याशा भोकानं दोन माणसांना एस.टी.च्या पोटात घातलं असतं!

शाळेत पास्कल नावाच्या फ्रेंच माणसाचा नियम शिकलो होतो. सतराव्या शतकातला हा गृहस्थ सांगून गेला, की बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला, की तो सगळीकडं सारखा पोचतो. आमच्या सासुरवाडीत बातमी याच नियमानं पसरते. आपण पेडल दाबतो, मास्टर सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल नळ्यांतून दाब घेऊन चारी चाकांपर्यंत जातं. जोरात ब्रेक मारला, तर त्या बारीक नळीत टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट दाब उभा राहतो. भाटघरचं धरण असो की ब्रेकची नळी, भोक किती लहान आहे हे बघायचं नसतं. त्याच्यामागं काय उभं आहे ते बघायचं असतं. गाडीत दाबाचे दोन वेगळे मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा निम्मा ब्रेक लावतो. त्या दुसऱ्या मार्गाच्या आणि हॅण्डब्रेकच्या तारेच्या कृपेनं हा लेख लिहायला मी शिल्लक आहे.

आता पंचाईत अशी, की पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन भोरला ठरलेलं. गुरुवारी त्यांना वेल्ह्याहून आणायचं. आणि आमचे मिस्त्री म्हणाले, "काका, आठवडाभर मान वर करायला सवड नाही."

"आपण जीप सांगू या," ही म्हणाली.

"एका नळीसाठी जीप? त्यात काही नाही. मी घरीच बदलतो."

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं स्वारगेट आणि तिथून नाना पेठ. मोटारीचे सुटे भाग मिळण्याचं पुण्यातलं हे माहेरघर. हिच्या शिवणाच्या टेपनं माप घेऊन गेलो होतो. दुकानदारानं मापाचा कागद पाहिला आणि माझ्याकडं पाहिलं. "काका, साडीचा फॉल नाही हा. जुनी नळी काढून आणा."

"तांब्याची नळी घेऊन डाख दिला तर?"

"नाही."

"मग भोकापुरता तुकडा कापून मध्ये रबरी नळी घातली, वरून क्लॅम्प आवळला तर?"

त्यानं हात जोडले. "काका, बागेला पाणी घालायचंय की गाडी थांबवायची आहे?"

भोरला परत. जुनी नळी सोडवायला बसलो. नट गंजून इतका एकरूप झाला होता, की साध्या पान्यानं जोर लावताच त्याचे कोपरे गेले. षटकोनी होता, त्याचा लाडू झाला. मग लाज गुंडाळून मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी नळीवरून आत सरकेल अशी फट असलेला खास रिंग पाना दिला, गंजावर रात्रभर सोडायला तेल दिलं आणि न मागता लोखंडी स्टॅण्डही दिले. "नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. काकूंना मला तोंड दाखवायचंय."

नळी निघाली. तीन दिवसांत दुसऱ्यांदा नाना पेठ. जुनीवरून बेतून, दोन्ही तोंडं यंत्रावर नीट फुलवलेली नवी पोलादी नळी घेऊन आलो. बसवताना अंगणात एक छोटी पत्र्याची क्लिप पडलेली हिला केर काढताना सापडली.

"हे काय आहे?"

"काही नाही. जास्तीचं असेल."

तिनं ती पदराला पुसून कुठंतरी ठेवून दिली.

नळी बसली की काम संपलं, असं मला वाटलं होतं. संपत नाही. नळी उघडली, की आत हवा शिरते. द्रव दाबला तरी आकसत नाही, म्हणून तर तो दाब पुढं पोचवतो; हवा मात्र आकसते. नळीत हवा असली, की आपण पेडल दाबतो, हवा दबते आणि चाकाला त्याची गंधवार्ता नसते. म्हणून ती काढावी लागते. आणि हे एकट्याचं काम नाही. एकानं गाडीखाली, एकानं पेडलवर. म्हणजे मी खाली आणि ही वर.

चाकामागचा ब्लीडर म्हणजे छोटा पोकळ स्क्रू. त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचं. वरच्यानं पेडल दाबून धरायचा, खालच्यानं स्क्रू सोडायचा, बुडबुडे बाहेर, स्क्रू बंद, मग वरच्यानं पाय उचलायचा. उलटसुलट झालं, की हवा परत आत.

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय."

"सोड!"

शेजारच्या गच्चीत पोरं जमली. चौथ्या खेपेला मी स्क्रू बंद करायच्या आधी हिनं पाय उचलला. पुन्हा पहिल्यापासून. मी खालून जरा तापून बोललो. अकराव्या खेपेला वरून आवाज आला, "अहो, ती पुढची पांढरी डबी भरलेली असायला हवी ना? मघाशी बॉनेट उघडं होतं तेव्हा तळाला गेलेली दिसत होती." डबी रिकामी झाली होती आणि तिथूनही हवा आत गेली होती. चूक सर्वस्वी माझी. पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला मात्र कोणी तापलं नाही.

ओततानाही माझे हात थरथरले आणि दोन थेंब मडगार्डवर पडले. त्याला सगळे ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे. ते रंग खातं, ताबडतोब पाण्यानं धुवावं लागतं. आणि साधं तेल त्याच्या जागी घातलं, तर आतली रबरं फुगून बाद होतात. शिवाय डबा उघडा राहिला, तर ते हवेतली ओल पितं. मग पाबे घाटासारख्या उतारावर ब्रेक तापले, की त्यातलं पाणी उकळून वाफ होते. वाफ म्हणजे पुन्हा दबणारी हवाच. थोडक्यात, या पदार्थाचा स्वभाव माझ्यासारखा आहे: दिसायला गुळगुळीत, पण कशात काय मिसळलंय ते वेळ आल्याशिवाय कळत नाही.

गाडीखाली एक सोय असते. समोरच्याचं तोंड दिसत नाही. बाटलीतले बुडबुडे बघता बघता मी म्हणून गेलो, "अगं, नसरापूरला ब्रेक ढिला नव्हता झाला. गेला होता."

वरून थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग, "माहीत आहे. समोर लाल दिवा पेटलेला होता. कापूरहोळ फाट्यापर्यंत मी त्याच्याकडंच बघत होते."

तो दिवा मीही पाहिला होता. हॅण्डब्रेकचाच म्हणून सोडून दिला होता. ब्रेक ऑइल कमी झालं तरी तोच दिवा पेटतो.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही 'काही नाही' म्हणालात. त्याच्यापुढं मी काय बोलणार? मी आपली देवाचं नाव घेत बसले."

बाटलीतला शेवटचा बुडबुडा वर आला. पुढच्या खेपेला नुसती स्वच्छ धार. "दाब," मी म्हणालो. "लागतोय," ती म्हणाली. "दगडासारखा लागतोय." हवा सगळी निघाली होती. गाडीतलीही.

अंगणातल्या अंगणात पायी चालण्याच्या वेगानं ब्रेक पाहिला. नळीचे दोन्ही जोड कोरडे. माझी छाती फुगली, पण ही म्हणाली, "मिस्त्रींनी बघितल्याशिवाय आईला त्या गाडीत बसवायचं नाही." महिन्याभरापूर्वी मी यावर भांडलो असतो.

मिस्त्रींनी पंधरा मिनिटं काढली. जोड पाहिले, "बरं केलंय" म्हणाले. मग हात घालून नळी हलवली. ती तारेवरच्या टॉवेलासारखी झुलली. "काका, इथली क्लिप कुठाय? ही अशीच घासली, तर हिलापण भोक पडेल. आधीची ढिली झाली, म्हणून तर जुनी गेली."

हिनं पर्स उघडली. "हीच का? मी विचारलं होतं. जास्तीची आहे म्हणाले."

मिस्त्री हसले नाहीत, हे मला जास्त लागलं. त्यांनी नवी क्लिप घट्ट बसवली. त्या कामाचे पैसे मागितले नाहीत. जुनी क्लिप हिनं गाडीच्या किल्लीच्या कडीत अडकवली.

गुरुवारी सासूबाईंना आणायला वेल्ह्याला गेलो. मोतीबिंदूमुळं त्यांना चार हातांवरचं धड दिसत नव्हतं. दारात माझा हात धरून त्या म्हणाल्या, "जावईबापू, ब्रेक-बिक नीट आहेत ना?" न बघता माझ्या भरवशावर बसणारं ते माणूस. "आई, मी केलेत," मी म्हणालो, "आणि मिस्त्रींनी तपासलेत." त्या बसल्या.

नसरापूरजवळ पुन्हा एक एस.टी. उभी. मी ब्रेक दाबला. पेडल जागच्या जागी लागला आणि गाडी चांगली दोन गाड्यांचं अंतर राखून थांबली. किल्लीला लटकलेली क्लिप तेवढी किणकिणली.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

या वेळी ते खरं होतं. तरी हिनं एकदा लाल दिव्याकडं बघून घेतलंच.